अभ्रा

वॉटरसे बेटावरून निघालेला लिफाफा
पाच दिवस वाटेत होता.
वारा सुटला की कॅसलबेची बोट सुटत नाही,
आणि यंदा नोव्हेंबरभर वाऱ्याने उसंत घेतली नाही.
तरी बिघडलं काही नाही.
ओल्या रक्ताला बर्फ लागतो, घाई लागते.
वाळलेलं रक्त थांबतं.

डंडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
दिवसाला चारशे कार्डं येतात,
प्रत्येकावर तुटक रेघेची पाच वर्तुळं.
बोट टोचायचं, थेंब पडू द्यायचा, पुसायचा नाही,
रात्रभर वाळवायचं, शेगडीपासून लांब.
लोक आपापल्या परीनं करतात.
कुणाचं अर्धंच भरतं,
कुणी थेंबावर थेंब ओतून चिखल करतं.
परवा एका कार्डावर मांजराचा पंजा उमटला होता;
ग्रिअरनं ते भिंतीला चिकटवलं,
मग नियम आठवून काढलं.

ओयरिक मॅकफी, वय शहात्तर.
पाचही वर्तुळं काठोकाठ,
रेघेबाहेर कण नाही.
शेवंडांच्या पिंजऱ्यांची जाळी विणणारा हात असणार.
रक्त काताच्या रंगाचं.
सोबत वहीचं पान:

*सोर्ली एप्रिलात गेला.
तपासणी तेव्हा बेटावर नव्हती.
डॉक्टर फोनवर म्हणाले, बहुधा तेच.
सात महिने मी ‘बहुधा’ उशाला घेऊन निजते.
मार्चात मी ग्लासगोला बहिणीकडे जाऊन आले,
दोन दिवस घसा खवखवला, एवढंच.
तो तर कुठे गेलाच नव्हता.
अभ्र्याचा तुकडा पाठवतेय.
शेवटी शेवटी दाढी करताना त्याला कापलं,
हात थरथरायचा.
मी तो धुतला नाही.
तुम्ही वाळलेलंच मागता ना?*

मागतो, बाई, पण कागदावरचं.
कागद किती रक्त पितो ते आम्हाला ठाऊक असतं,
तुमचा सुती कपडा किती पितो ते नाही.
कुठल्या साबणाचा, किती धुण्यांचा, कोण सांगणार?
आणि संमतीच्या रकान्यात सही लागते,
ती आता तो कशी करेल?
हे सगळं मला पाठ आहे.
भिंतीवरच्या त्या तक्त्यातला अर्धा मजकूर माझाच.

त्यांचं कार्ड मी यंत्राखाली धरलं.
टक.
मसुरीएवढी चकती सातव्या खणात पडली.
रात्रभर द्रावणात डुलत राहिली;
सकाळी कागद फिकट, पाणी तांबूस.
मग पुढचे सोपस्कार, मग थांबणं,
मग सातवा खण
पिवळाधमक.

म्हणजे होऊन गेला.
कधी, ते हे रक्त सांगत नाही.
कुणाकडून कुणाकडे, तेही नाही.
तारीख नसलेली सही, बस्स.
घसा खवखवला ते दोन दिवस असतील,
किंवा त्याला पाणी पाजतानाच्या रात्री असतील,
किंवा जूनमध्ये, दुकानात, काचेपलीकडून
सुटे पैसे घेताना.
हे मी त्यांना लिहू शकते. अहवालात
‘शेरा’ म्हणून एक ओळ असते, साठ अक्षरांची.
साठ अक्षरांत ‘जून’ बसतो,
त्याला पाणी पाजणं बसत नाही.

ग्रिअर चहाला गेली होती.
अभ्र्यावर निळी फुलं, धुऊन धुऊन पुसट,
आणि कोपऱ्यात हनुवटीच्या उंचीवर
तो डाग, कडेला गडद, मध्ये विरळ.
मी हातातला पंच उघडून त्याच्यावर धरला.
किती वेळ, माहीत नाही.
केटल बंद झाल्याचा आवाज आला.

तुकडा नव्या लिफाफ्यात घातला,
ओल शोषणाऱ्या दोन पुड्या टाकल्या,
टपालखर्च माझ्या पाकिटातून.
चिठ्ठीत लिहिलं, ‘कापडावर आमची चाचणी चालत नाही.’
हे खरं आहे.
चालली असती का, ते मी पाहिलं नाही.
त्याखाली लिहिलं, ‘दमट हवेपासून जपा,’
आणि खिडकीबाहेर बघितलं,
टे नदीवर पुन्हा वारा.
बोट सुटली तर सोमवारी पोचेल.