कडीची उंची

लष्करातल्या आमच्या शाळेत
वर्गांच्या दारांना कड्या होत्या, पण बाहेरून.
पोरं कोंडायची सोय होती,
लपवायची नव्हती.

फाटकावर जगराम आता वहीत एक रकाना जास्त आखतो:
नाव, कुणाला भेटायचं, हत्यार.
ग्वाल्हेर आहे हे. फी भरायला आलेला बापही
दुनळी अडकवून येतो खांद्याला,
लायसनची, खोळीतली, छत्रीइतकी सहज.
जगराम ती उतरवून घेतो, टोकन देतो.
एकदा टोकनं बदलली,
एकाची बंदूक दुसऱ्याच्या घरी जेवून आली.

तिसरी 'ब'ला मी समजावलं:
घंटा सलग वाजली की दिवा बंद, बाकाखाली, तोंडावर बोट.
कुणीही ठोठावलं तरी उघडायचं नाही.
आणि तो आवाज आला तर...
"कौन सा, मॅडम? बारात वाला?"
यदुवीर तोमर. सगळा वर्ग हसला.
यांना तो आवाज ठाऊक आहे, जिलबीसकट.
माझ्या नणंदेच्या वरातीत गच्चीवरची टाकी फुटली होती,
अजून आम्ही ते हसतच सांगतो.

शनिवारी बाबूखाँ सुतार आला.
कडी किती उंचीवर, त्यानं विचारलं.
मी खांद्याशी हात धरला
आणि तसाच राहिला हात.
खांद्याशी, म्हणजे तेव्हा मी उभी असेन
असं धरून चालले होते मी.

वर्गात सगळ्यांत बुटकी पीहू कुशवाह.
तिला दाराशी नेलं. हात वर कर.
बोट टेकलं तिथं खडूची रेघ.
टाचा नको उचलूस, म्हटलं.
तिला वाटलं उंची मोजतायत,
ती उचलतच राहिली.

"इतकी खाली?" मुख्याध्यापक म्हणाले,
"पोरं खोड्या काढतील."

काढलीच.
मंगळवारी मधली सुट्टी संपली,
मी डस्टर घेऊन येते तो दार बंद.
आत खसखस. मग एकदम चिडीचूप.
मी कडाडले, "उघडा! मी आहे, फाळके मॅडम!"
काही नाही. पंखासुद्धा बंद केला होता त्यांनी.
मग दारामागून, अगदी खालून, पीहू कुजबुजली:
"आप ही ने तो बोला था,
कोई भी हो."

जगराम धावत आला, पाना आणू का म्हणाला.
बाहेरून निघत नाही ती कडी,
तशीच तर मागितली होती.

गणिताचा तास निम्मा गेला.
मी पुन्हा ठोठावलं नाही.