न घडलेल्याची वही

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या भिंतीला लागून
माझं टेबल. वर निळ्या पुठ्ठ्याची वही.
घडलेले अपघात वेगळ्या वहीत,
ती ऑफिसात, कुलपात.
माझ्याकडे येतं ते न घडलेलं.

पहिलं वर्षभर कोरीच होती.
सांगणं म्हणजे चुगली, असा हिशेब.
मग मीच माझी चूक लिहिली पहिल्या पानावर:
जिन्यावर तेल सांडलं, बघून पुढं गेलो,
मागून येणारा कठड्याला धरून वाचला.
सही, देवाप्पा येळ्ळूरकर.
दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा आला,
टोपी काढून, देवळात आल्यासारखा.

चार तारीख. क्रेनच्या साखळीची एक कडी उघडू लागलेली.
निंगाप्पा खाली नव्हता,
तंबाखू मळायला बाजूला गेला होता.
(तंबाखूचं श्रेय लिहायचं नाही, असं ठरलंय.)

सहा तारीख. ग्राइंडरचं गार्ड काढून कोपऱ्यात.
विचारलं तर म्हणतो, ‘हात बसंना झालाय ओ आत.’
त्यासाठीच असतंय की ते, म्हटलं,
हात बसू नये म्हणून.

नऊ, काही नाही.
दहा, काही नाही.
हे दोन शब्द लिहिताना पेन जड होतं.
काही नाही म्हणजे कुणी सांगितलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही आगीला भितो.
आग समोर असते. रंगावरून सांगतो
माल ओतायला आला की नाही.
भितो आम्ही ओलीला.
लाडलच्या तळाशी वाटीभर राहिली
आणि वर वितळलेलं लोखंड पडलं,
तर वाफ वाट विचारत बसत नाही,
छपरातून काढते.

एकोणीस तारखेला रात्री पत्रा गळला.
धरणीधर, ओडिशाचा पोरगा, कामावर अकरावा दिवस.
भिंतीवर धोक्याची पाटी आहे.
तिच्यावर कुठली भाषा वर, कुठली खाली,
यावरून दोन वर्षांत तीनदा रंग बदलला.
त्याला दोन्ही वाचता येत नाहीत.
तो लाडलमध्ये वाकला आणि ओरडला, ‘पाणि!’
बसलिंगप्पा घरी नीरु म्हणतो.
त्याचा हात भट्टी कलवायच्या लिव्हरवर होता.
तिथंच राहिला.

लाडल पुन्हा बर्नरवर, चाळीस मिनिटं.
सुपरवायझर त्यातली वीस ओरडत होता.
मी लिहिलं: स्फोट झाला नाही.
आणखी एक ओळ लिहून खोडली,
की सहा माणसं संध्याकाळी घरी गेली,
एकानं शहापुरात थांबून मुलीला चपला घेतल्या,
त्याही एक नंबर मोठ्या.

पण एक गोष्ट दोन्ही वह्यांत नाही.
या टेबलाच्या आधी अकरा वर्षं
मी कास्टिंग घासत होतो, फेटलिंगला,
तोंडाला रुमाल बांधून.
उन्हाच्या तिरिपीत वाळूची पूड तरंगायची,
चांगली दिसायची खरं तर.
ती कुठल्या तारखेला आत गेली?
डॉक्टरनी फोटो खिडकीकडे धरला,
छातीत तांदूळ सांडल्यासारखे ठिपके.
तारीख नाही, पाळी नाही, साक्षीदार नाही.
असलं लिहायला रकाना आखलेला नाही.

आता मास्क आलेत, चांगले, फिल्टरचे.
पोरं ते हनुवटीला लटकवतात,
उकडतं म्हणतात, आणि उकडतंच.
पंखे मागितलेत. धूळ ओढायचा पाइपही मागितलाय.
अर्जाची नक्कल वहीत शेवटच्या पानाला टाचून ठेवलीय,
टाचणीला गंज चढला.

आज पाळी सुटताना धरणीधर समोरून आला,
मास्क गळ्यात.
मी काही बोललो नाही.
खोकलो. थांबवावा म्हटलं तर थांबेना.
तो उभा राहून बघत होता माझ्याकडे,
मग त्यानं मास्क वर ओढला,
पाळी सुटली असताना.

वही उघडली, तारीख घातली.
पुढं काय लिहायचं ते
अजून ठरत नाही.