दुसरा ब्रिज

पहिला निघाला एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला,
दुपारी तीनच्या सुमारास, कुणी हात न लावता.
ठाप्.
मी कैऱ्या किसत होते.
येऊन पाहते तर सहा तारा विस्कटलेल्या
आणि ब्रिज दिवाणाखाली, पालथा,
पोटाला चिकटून आलेली पॉलिशची पातळ साल.
चूक लगेच कळली. लाकडाला लाकूड चिकटतं.
मी चकाकीला चिकटवलं होतं.

बावीस वर्षं मी ब्रिजच केले, नळ स्टॉपजवळच्या लॅबमध्ये,
पण ते लोकांच्या तोंडातले:
दोन दात धरून तिसऱ्याची गैरहजेरी झाकणारे.
पेशंट कधी दिसायचे नाहीत. यायचे त्यांचे साचे,
पिवळ्या प्लास्टरचे वासलेले जबडे,
पाठीवर पेन्सिलीने: गद्रे, वरचा डावा. तांबोळी, अर्जंट.

या वेळी नवं लाकूड आणलं नाही.
रास्ता पेठेतल्या मंडळाने कॅरम मोडीत काढला,
त्याची शिसवी चौकट मागून घेतली.
अध्यक्ष म्हणाले, न्या, पण जपून,
हिच्यावर आमच्या पोरांनी बक्षिसं मारलीत.
कापताना कोपऱ्यातून बोरिक पावडर निघाली,
मग काळसर तांबूस रेघा, अंगच्या.
तीस वर्षं हिला एकच काम,
स्ट्रायकर आला की परत फेकायचा.
आता शिकायचं होतं
अंगावर आलेलं खाली पोचवायला.

दस्तगीरचाचा जिना चढून आले, मूळचे मिरजेचे,
हयात सतारींच्या जवाऱ्या काढण्यात गेलेली.
चष्मा कपाळावर. "ही तर घोडी," म्हणाले.
"आमची तारांच्या ओझ्यानेच उभी राहते.
तुमची बांधून ठेवायला लागते."
आणि वर हे हाड बसवता, त्याला काय म्हणता?
सॅडल, म्हटलं.
"मग खोगीरच की."

हाड मोमीनपुऱ्यातलं. नळी. दोनदा उकळलेली,
गच्चीवर वाळवलेली.
समोरच्या पटवर्धनबाईंनी वासाबद्दल विचारलं.
दातांचं काम आहे, म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं.

गिटारचं पोट सपाट नसतं. हाताला कळतं, डोळ्याला नाही.
जुन्या डब्यातून काढला चावा बघायचा निळा कागद,
ब्रिजखाली धरला, दाबला, उचलला:
दोन ठिपके. म्हणजे दोनच ठिकाणी टेकतंय.
खरवड. पुन्हा कागद. पाच ठिपके.
खरवड.
कर्वे रोडवर मेट्रो किती वेळा गेली, मोजलं नाही.
दिवेलागणीला सगळं पोट निळं.
तोंडात फट राहिली तर अन्न अडकतं,
इथे आवाज.

मग गिटारवरचं पॉलिश काढून कोरं लाकूड उघडं केलं.
खोगिराची खाच जाड तारेकडे तीन मिलिमीटर मागे, तिरकी,
सरळ ठेवली तर वर चढत जाल तसा सूर खोटा पडतो.
सहा भोकं. तिसऱ्याला हात हलला.
दिसतं. राहू दे.

सरस, तीन क्लॅम्प, एक रात्र आणि अख्खा रविवार.
सोमवारी तारा. सहांची मिळून सत्तर किलोंची ओढ,
म्हणजे माझ्याहून नऊ किलो जास्त.
किल्ली पिळताना तोंड बाजूला फिरवलं,
फटाका लावताना फिरवतात तसं.

रात्री दोनदा उठून पाहिलं. बॅटरीच्या उजेडात
जागेवर.
लॅबमध्ये एकच पावती मिळायची:
ब्रिज परत आला नाही, म्हणजे बसला.
कुठेतरी ते गद्रे शेंगदाणे खात असणार
आणि त्यांना माझं नावही माहीत नसणार.
इथे तसं चालायचं नाही.
मला वाजवता येत नाही.
शामुवेल रणपिसे येईल गुरुवारी, पंच हौदची प्रार्थना आटपून,
मांडीवर घेईल, काही न बोलता छेडेल,
आणि मी, इतक्या वर्षांची सवय,
कानांच्या आधी जिभेनेच ऐकेन,
मागच्या दाढांवरून हळूच फिरवत
कुठे टोचतं का.