कशासाठी, मावशी?

टीकाराम पंडित मोटरसायकलवरून आला,
माझ्याच मांडीवर खेळलेला पोरगा,
धोतरावर चिखलाचे शिंतोडे, खिशात फोन वाजतोय.
म्हणाला, जसोद्रामावशी, लवकर आटपू,
भरतीच्या आत मला कालव्यापलीकडे जायचंय.

बांबू मी पहाटेच धुतला होता.
पेरापेरावरून हळदीचा हात फिरवला,
जसा न्हाऊ घालताना फिरवायचे
कमलदेवच्या पाठीच्या मणक्यांवरून.
खड्ड्यात नाणं टाकलं, सुपारी, एक फूल.
बर्बिसची माती काळी, चिकट, समुद्राहून खालची;
हातभर खणलं की पाणी वर येऊन बघतं
कोण आलंय ते.

ईशान्य कोपऱ्यात जुने झेंडे उभे आहेतच.
ते काढायचे नसतात. वाऱ्याने न्यायचे.
तो वाकलेला, हरीप्रसादच्या पायासाठी:
पाय गेला. मग माणूसही गेला.
महिनाभर तुझ्याशी बोलले नाही, आठवतं ना, मारुतीराया?
दिवा लावायचे, पण तोंड फिरवून.
त्याच्या शेजारचा, मुलाच्या व्हिसासाठी:
ते मात्र झटक्यात ऐकलंस
आणि टोरांटोच्या बर्फात नेऊन ठेवलंस माझं पोर.
तू ऐकतोस रे,
पण कान उलटे लावून.

परवा एक पिवळ्या पोटाचा पक्षी
त्या विटक्या फडक्यातला धागा ओढत होता.
ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा.
मी बघत बसले.
दूध उतू गेलं.

टीकारामने ओंजळीत पाणी सोडलं.
नाव? जसोद्रा.
गोत्र? आजा कश्यप म्हणायचा;
जहाजातून उतरताना कुणाचं काय उरलं होतं, कोण जाणे.
आणि संकल्प? कशासाठी, मावशी?

मला आठवेचना.
पाणी बोटांतून गळायला लागलं.
गुडघा? तो आता घरचाच झाला.
छप्पर? गळतं, पण बादलीची जागा ठरलेली आहे.
मुलगा? रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो.
घाबरलेच मी जरा,
चुलीवर काही विसरून आल्यासारखी.
मागणं हेच तर आपलं येणंजाणं होतं.
ते संपलं तर
कुठल्या निमित्ताने भेटायचं तुला?

मिस ईनिड बांबू धरून उभी,
चर्चमधून थेट आलेली, डोक्यावर जांभळी हॅट.
म्हणाली, बाई गं, बोल काहीतरी,
हात भरून आले माझे.

मी म्हणाले, बांबू सरळ राहू दे.

टीकाराम हसला. मग संस्कृतात म्हणाला काहीतरी,
लांबलचक.
मला नाही वाटत, त्यात बांबू होता.

माती लोटली, पायांनी दाबली,
ईनिडनेही, बूट काढून ठेवून.
कमळाच्या रुंद पानावर सात भाज्या वाढल्या,
रस कोपरापर्यंत ओघळला तिच्या,
हॅट काही तिने काढली नाही.

संध्याकाळी ओहोटीला बांधाचं दार उघडलं.
दिवसभर अडवलेलं पाणी
घाई न करता समुद्राकडे निघालं.
मी पायरीवर बसले होते, ओट्यात काहीच नव्हतं,
शेंगा नाहीत निवडायला, तांदूळ नाहीत,
जपमाळसुद्धा आत खुंटीला.
लाल कापड एकदा गुंडाळलं, एकदा सुटलं.

बांबू थोडा कललाय, समुद्राच्या अंगाने.
उद्या बघू.