नऊ पिना

मेल्विनने तो तांदळाच्या पोत्यात आणला,
स्कूटरवर पायांशी उभा धरून, कॅम्पातून शहापूरपर्यंत.
"आवाज बसलाय ओ अक्का. वर नेला की करकरतो,
खाली केला की घोगरा, आमच्या फादरसारखा."
फादर चर्चचे की घरचे, मी विचारलं नाही.

चार स्क्रू. तीन एका घरचे, चौथा कुठल्यातरी मिक्सरचा.
खोलण्याआधी चालू करून ऐकलं.
लहान व्हॉल्व्हला पेन्सिलीची टिचकी मारली
तर स्पीकरमधून बारीक घंटा वाजली.
मग प्लग काढला, आणि थांबले.
प्लग काढला तरी कपॅसिटरला ते पटायला वेळ लागतो.
रेझिस्टरचं एक टोक पत्र्याला, एक त्याला.
मीटरचा काटा शून्यावर येईतो
समोरच्या बोळात दोन माग थांबले, एक सुरू झाला.

बाबा सांगायचे, डावा हात खिशात.
वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे निघाली
तर वाटेत काय लागतं, ठाऊक आहे ना?
माझ्या कुडत्याला खिसा नव्हता.
म्हणून ओढणीचं टोक पाठीमागे मुठीत धरायला शिकले.
अजून तशीच उभी राहते.
गिऱ्हाइकांना वाटतं, मी काहीतरी लपवलंय.

व्हॉल्व्ह उपटायचा नसतो.
जरा हलवत, जरा गोल, दुधाच्या दातासारखा.
मोठा आला. डोक्यावरचा चांदीचा डाग
काठाने तपकिरी, नखाएवढा उरलेला,
नंबर कुणाच्या तरी बोटांनी पुसून नेलेला.
मग लहान. त्याच्या एका काचेत दोन खोल्या, चूल एकच.
एक खोली किणकिणते. दुसरी अजून धड आहे.

सॉकेट पुसताना टॉर्च आतल्या पत्र्यावर गेला.
पेन्सिल. बाबांचा तिरका हात:
मार्टिनबाब, गोकाक फॉल्स क्लब.
दोन्ही बदलले. ४० बाकी.
वर्ष नाही. वर्ष ते कधीच लिहायचे नाहीत.

मेल्विन वाकला, वाचलं, परत वाचलं.
"पप्पा इथं यायचे?"
आणि खिसे चाचपायला लागला.
"ते त्या दोघांच्यात आहे," मी म्हटलं. "तू माझे दे."

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात
बाबांचे कोरे व्हॉल्व्ह उरलेत थोडे, बेंगळुरूच्या कारखान्यातले.
मोठा मराठी पेपरात गुंडाळलेला, लहान कन्नड.
दोन्ही पेपर एकाच दिवसाचे,
दोन्हीत बंदची बातमी, आकडे वेगळे.
तो दिवस आठवतो. शटर गुडघ्याएवढं वर,
बाबा त्या फटीतल्या उजेडात डाग देत बसलेले
आणि मी शाळा नाही म्हणून खूश.

नऊ पिना. दहावीची जागा मोकळी सोडलेली.
ती मोकळी जागा बोटाला सापडली
की बाकीच्या बसतात आपापल्या.

बटण दाबलं. लगेच काही होत नाही.
मेल्विन माझ्याकडे बघतो, मी काचेकडे.
मग आत, खाली, शेगडीच्या राखेत फुंकर घातल्यागत
एक तांबडा ठिपका. मग शेजारी दुसरा.
मग ती बारीक गुणगुण, जी खरं तर दोषच,
पण ती नसली तर मला करमत नाही.

त्यानं गाणं वाजवलं नाही.
सगळ्यात जाड तार एकदा सोडली फक्त,
आणि ती विझेपर्यंत हात वर धरून उभा राहिला.
वाटीतले स्क्रू थरथरले.

बोळातला माग थांबला. इराप्पानं खिडकीतून विचारलं,
"एन सप्पळ री अदु?"
"गिटार री!"
जरा वेळ काहीच नाही. मग,
"स्वल्प जोर माडरी."

मेल्विन जोर करत होता तेव्हा
मी जुना लहान व्हॉल्व्ह त्याच कन्नड पेपरात गुंडाळून
डब्यात परत ठेवला.
एक खोली धड आहे की.