शेवटची ओळ

धोबीतलावच्या कोर्टाबाहेर, पिंपळाखाली
आमचे आजोबा, त्रिंबक विजयकर, अर्ज लिहायचे.
अर्जामागे दोन आणे, शाई त्यांची.
शेवटची ओळ मात्र ठरलेली :
आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.

रात्रशाळेत एकदा अमेरिकेचा धडा लागला.
तेही म्हणे वर्षानुवर्षं अर्जच करत होते,
राजाला मायबाप म्हणत,
स्टँपावरचा कर तेवढा काढा म्हणत.
उत्तर समुद्रावरून यायचं, दोन-दोन महिन्यांनी.
शेवटी तर उत्तराऐवजी
पलटणच उतरली.

चहाच्या पेट्या बुडाल्या
ते मास्तरांनी रंगवून सांगितलं.
आजोबांचं लक्ष दुसरीकडेच.
"मास्तर, मायबाप हा शब्द
नक्की कितव्या कागदात गळला?"
मास्तरांनी चष्मा पुसला.
पुस्तकात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सेस डॉकचा बाबाजी शेलार आला.
कापलेली मजुरी, तुटलेलं बोट, साहेबाचं नाव,
सगळं वळणदार उतरलं.
शेवटच्या ओळीशी टाक थांबला.
शाईचा थेंब लोंबला, पडला,
वाळेस्तोवर आजोबा बघत बसले.
मग खाली नुसतं लिहिलं :
बाबाजी शेलार.

त्याला वाचता येत नव्हतं, पण डोळा पक्का.
"आज कागद आखूड दिसतोय, भाऊ."
"दीड आणाच दे," आजोबा म्हणाले,
"एक ओळ कमी आहे."