पेले

सदलग्याच्या दवाखान्यामागं,
दूधगंगेकडं उतरणाऱ्या वाटेवर
दस्तगीर नदाफ घोडी धरून उभा.
गुलछडी. कुमैत, कपाळावर चांदणी.
शर्यतीत बैलाच्या जोडीला जुंपतात तिला,
आणि ती बैलाला विसरून एकटीच निघते.

"मॅडम, मशीन म्हणतंय रिकामी.
बेळगावची रक्ताची चिठ्ठी म्हणते गाभण.
खरं कुणाचं धरू?"
दोघांचंही, मी म्हणाले,
आणि कोपरापर्यंत हात धुवायला घेतले.

घोडीला शिंगं नसतात म्हणतात.
आत असतात, दोन, गर्भाशयाची.
सहाव्या दिवशी तो थेंब तिथं उतरतो
आणि बूड टेकत नाही.
दहा दिवस या शिंगातून त्या शिंगात,
बदलून आलेल्या पोस्टमनसारखा दारोदार:
मी आलोय, इथंही मीच आलोय.
एखादी आळी राहून गेली
तर आई त्याला ओळखत नाही,
पुन्हा अलंगावर येते.

पस्तीस दिवस उलटले की त्याच्या काही पेशी
वेस ओलांडून तिच्या अस्तरात शिरतात
आणि पेले रचतात.
उथळ, गोल, कडा उचललेले,
शिवलिंग कुंभारानं चाकावरून नुकते उतरवावेत तसे.
त्यांतला रस तिच्या रक्तात जातो.
आहे, म्हणतो. आहे. आहे.
भोवती आईच्या पांढऱ्या पेशी जमतात,
बरेच दिवस नुसत्या बघत राहतात,
मग एकेक पेला फोडतात.

हाच रस माझ्या फ्रीजमध्ये आहे, कुपीत,
कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या
गाभण घोड्यांच्या मानेतून काढलेला.
माजावर न येणाऱ्या म्हशींना टोचतो आम्ही.
कुपीवर तारीख असते, किंमत असते.
घोडीचं नाव नसतं.

"पन्नासाव्या दिवसाच्या आसपास गेलं रे तिचं.
बोटाएवढं असतं. पेंढ्यात तुला दिसलं नसेल.
पेले तेवढे राहिलेत.
त्यांना कोण सांगणार?"

"म्हणजे रक्त खोटं बोलतंय."

"नाही. रक्ताला निरोप पोचला नाही."

तो लगामाची गाठ सोडत राहिला, बांधत राहिला.
"सुई मारून मोकळी करा."
"या पेल्यांना सुई ऐकू येत नाही.
श्रावणापर्यंत थांब."

तेवढ्यात गंगव्वा कुंभारीण विटांची गाढवं हाकत आली.
मागची गाढवी कान पाडून, लाळ गाळत
रिकामा जबडा चावत होती.
"बघा की बाई, पान न्हाई, सुपारी न्हाई,
आन् हिचा विडा चाललाय!"
माज आहे तो, मी म्हणाले, गाढवी असाच दाखवते.
ठरली तर बारा महिने, वर पंधरा दिवस.
"गब्ब व्हायला पायजे," गंगव्वा म्हणाली.
"गाभ राहू दे," दस्तगीर म्हणाला.
बाळेशनं रजिस्टरात तिसराच शब्द लिहिला,
तोही चुकवून.

मालनबीला मी दोनदा सांगितलं,
जादा खुराक आता नको, चरबी धरेल.
ती रोज रात्री वाटीभर कुळीथ भिजत घालायची.
"तिच्या रक्ताला वाटतंय न्हवं अजून?
मग मी कशाला मध्येच तोडू?"
यावर पुस्तकात काही लिहिलेलं नाही.

श्रावणातल्या एका उघडिपीला
एकसंब्याचा घोडा रस्त्यानं गेला
आणि गुलछडीनं फाटकाला पाठ देऊन शेपटी उचलली.
दस्तगीर मोटारसायकलवरून ओरडतच आला,
निम्मं मराठी, निम्मं कन्नड, एक चप्पल वाटेत पडलेली.
मी कॅलेंडर बघितलं. एकशे सव्वीस.

त्या संध्याकाळी मालनबीनं वाटी राखेनं घासली,
ओट्यावर पालथी घातली.
निजायच्या वेळी उठली,
उताणी केली,
आणि मूठभर कुळीथ पाण्यात टाकले.